आईवरच फिल्म केली, आता ती आईला दाखवू कशी?

पत्र थोडक्यात: लिहिणारी २७ वर्षांची, मूळची नागपूरची, आता पुण्यात एडिटिंगचं काम करते. मित्रमैत्रिणींना घेऊन तिनं आई-मुलीच्या नात्यावर १९ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली आहे. शूटिंग नंदनवनमधल्या तिच्या स्वतःच्या घरीच झालं. गोष्ट खरी आहे. ती अकरावीत असताना आईनं तिची डायरी वाचली आणि मामाच्या हातात दिली, मामानं ती समोरच्या खोलीत सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचली. त्यात ट्यूशनमधल्या एका मुलाबद्दल होतं आणि आईबद्दलही रागारागात बरंच लिहिलेलं होतं. वडील त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. आईला आजपर्यंत एवढंच माहीत आहे की 'आई-मुलीची काहीतरी गोष्ट' आहे, आणि शूटिंगच्या तिन्ही दिवशी तिनं अख्ख्या युनिटला पोहे करून घातले. आता एडिट लॉक झालंय, म्हणजे कोणता शॉट किती लांब हे पक्कं झालंय, साउंड आणि कलर बाकी आहे. प्लॅन असा की नागपुरात हॉल घ्यायचा, नातेवाईक आणि आईच्या शाळेतल्या जुन्या सहकारी यांना बोलवायचं आणि तिथंच आईला फिल्म पहिल्यांदा दाखवायची. मैत्रीण म्हणते, आधी घरी दाखव. ही म्हणते, आधी दाखवली तर आई हे काढ ते काढ म्हणेल आणि माझी गोष्ट माझी राहणार नाही. "माझी गोष्ट सांगायचा मला हक्क नाही का?" असा तिचा प्रश्न आहे.

हक्क आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रात हा प्रश्न फिरून फिरून येतो आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचं तू नीट ऐकणार नाही असं मला वाटतं. सोळा वर्षांच्या पोरीची डायरी भर बैठकीत वाचली जाते, मावश्या हसतात, आणि आई उठून मामाच्या हातातून ती वही काढून घेत नाही, हे जिच्यासोबत झालं तिनं ते सांगायला कोणाची परमिशन घ्यायची गरज नाही. घरातलं घरात राहू दे म्हणून आपल्याकडे किती पोरींना गप्प बसवलंय ते मला रोजच्या पत्रांतून दिसतं, त्यात अजून एक भर मी घालणार नाही.

पण तू हक्काचं विचारून राहिली आणि मला तुझ्या पत्रात प्रश्न दुसराच दिसून राहिला. सांगायचं की नाही हे तू केव्हाच ठरवलं, शूट झालं, एडिट लॉक झालं. आता उरलंय ते एवढंच की आईला हे कुठं कळणार, घरी तुझ्या शेजारी बसून, की ओळखीच्या लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये.

तुझ्या पत्रातलाच एक परिच्छेद तुला परत वाचायला सांगते. डायरी वाचली गेली त्याबद्दल लिहिताना तू आईनं ती उघडली यावर दोन ओळी लिहिल्या आणि बाकी सगळा परिच्छेद यावर की तुला न विचारता, तुझ्यासमोर, चार लोकांत वाचली आणि तुला उठून जाताही आलं नाही, कारण उठलं असतं तर सगळ्यांनी तुझ्याकडेच पाहिलं असतं. आता तुझा प्लॅन बघ. आईच्या आयुष्यातला एक वाईट दिवस, तिला न विचारता, तिच्यासमोर, शंभर लोकांत. आणि तिलाही उठता येणार नाही, मुलीच्या फिल्मचा पहिला शो आहे ना, पहिल्या रांगेत बसवलेलं असणार तू तिला.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाहीये. तेव्हा तू लहान होती, घर तिच्या हातात होतं, तुझ्याकडे एक वही होती फक्त. आणि तू हा बदला म्हणून करून राहिली असंही मला अजिबात वाटत नाही, बदला घेणारी पोरगी आईच्या पोह्यांबद्दल इतकं प्रेमानं लिहीत नाही. पण आज कॅमेरा तुझा आहे, एडिट तुझं आहे, कोणाचा चेहरा किती सेकंद दिसणार हे तू ठरवते, म्हणजे यावेळी ताकद तुझ्याकडे आहे, आणि ते तुझ्या पत्रात तू कुठंच धरलेलं नाही. तू अजूनही त्या बैठकीतली सोळा वर्षांची पोरगी म्हणूनच लिहून राहिली.

तू लिहिलं की फिल्म संपल्यावर हॉलमधले लाइट लागतील आणि आई रडत तुला मिठी मारेल असं डोळ्यांसमोर येतं. बेटा, तो सीन तू लिहिलाय, आईला त्याची स्क्रिप्ट मिळालेली नाही. ती कदाचित हसून सगळ्यांशी बोलेल, चहा-समोसा घेतला का म्हणून विचारेल, घरी जाईल आणि मग महिनाभर तुझ्याशी फोनवर फक्त जेवली का एवढंच बोलेल. माणूस लोकांसमोर दुखावला की आधी तोंड सांभाळतो, त्यातून मोकळं बोलणं निघत नाही. तुला जे हवंय, म्हणजे आईनं एकदा तरी त्या दिवसाबद्दल बोलावं, ते हॉलमध्ये मिळायची शक्यता मला सगळ्यात कमी दिसते.

आता दुसरं, आणि मला वाटतं हे जास्त महत्त्वाचं आहे. आईला काहीच माहीत नाही असं तू धरून चालली. पण तूच लिहिलं की शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी डायरीचा सीन लावणं सुरू होतं, समोरच्या खोलीत मामाचं काम करणारा नट सोफ्यावर बसून वही हातात घेऊन रिहर्सल करत होता, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मग डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन झोपली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तू हे असंच जाता जाता लिहून टाकलं, त्या दिवशी जेवण बाहेरून मागवावं लागलं हे सांगायला. मे महिन्यातलं नागपूर आहे, ४५ डिग्रीत कूलर बंद ठेवून शूट करून राहिले होते तुम्ही साउंडसाठी, डोकं खरंच दुखलं असेल, मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. पण तेच घर, तीच खोली, तोच सोफा, हातात वही घेतलेला माणूस आणि त्याच्यासमोर खाली मान घालून उभी असलेली पोरगी, हे बघून जिला काहीच कळणार नाही अशी आई मला तं डोळ्यांसमोर आणता येत नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं परत सगळ्यांना पोहे केले. काही बोलली नाही. हे जर मी म्हणते तसं असेल तर दाखवू की नको हा प्रश्नच राहत नाही, कारण तिला अर्धं कळलेलं आहे आणि उरलेलं अर्धं तू कधी सांगते याची ती कितीतरी दिवसांपासून वाट बघून राहिली असेल, आणि असं अर्धवट कळलेलं मनात वाढत जातं, खऱ्या फिल्मपेक्षा वाईट फिल्म तिच्या डोक्यात तयार झाली असेल एव्हाना.

बरं, आता फिल्मबद्दल. तू मला पूर्ण सीन-ऑर्डर पाठवली म्हणून बोलते. १९ मिनिटं फार कमी असतात. शॉर्ट फिल्ममध्ये आपण काय ठेवतो? जे सीन म्हणून दिसतं ते. तुझं दुःख सीन आहे, बैठक आहे, वही आहे, हसणं आहे. आईची अडचण सीन नाहीये, ती मागची हकीकत आहे: नवरा गेलेला, शाळेच्या ऑफिसातली तुटपुंज्या पगाराची नोकरी, तुझी ट्यूशनची फी मामा भरत होता, घरात मोठं म्हणावं असं तेवढंच एक माणूस, आणि पोरगी कोण्या मुलाबद्दल लिहून राहिली हे वाचून घाबरलेली बाई. हे सगळं पत्रात आहे, फिल्ममध्ये लांबी वाढते म्हणून तू वडिलांचा उल्लेखही काढला आणि फीचाही. म्हणजे जे कापलं गेलं ते सगळं एकाच बाजूचं कापलं गेलं. तू मुद्दाम केलं नसशील, एडिट टेबलवर असंच होतं, आधी बॅकस्टोरी जाते. पण परिणाम हा की फिल्म बघणाऱ्याला मामाकडे वही देणारी एक कठोर बाई दिसते, ती का देते हे दिसत नाही, आणि तुला तं माहीत होतं ती का देते.

आणि ती कुलूपवाली डायरी! तू पत्राच्या शेवटी लिहिलं की त्या प्रकारानंतर आठेक दिवसांनी आईनं बर्डीच्या बाजारातून एक नवीन डायरी आणली, छोटंसं पितळी कुलूप असलेली, तुझ्या टेबलावर ठेवली, दोन्ही किल्ल्या वर ठेवल्या आणि काही न बोलता शाळेत निघून गेली. तू त्यात कधीच काही लिहिलं नाही. आणि फिल्ममध्ये हे घेतलं नाही कारण त्यानं फिल्म सॉफ्ट होते. मला मात्र हा भाग वाचताना थांबावं लागलं. दोन्ही किल्ल्या ठेवल्या तिनं. एक स्वतःकडे ठेवली असती तरी तुला कळलं नसतं. तिला माफी मागता आली नाही, त्या पिढीतल्या किती बायकांना पोटच्या पोरांची माफी मागता येते, तिनं जे जमलं ते केलं. त्यानं तुझ्यावरचा अन्याय कमी होतो का? नाही होत. वही वाचली गेली ती गेलीच. पण हे नसलेली फिल्म खरी गोष्ट सांगते असं म्हणताना तू जरा थांब. हा माझा आग्रह नाही, फिल्म तुझी आहे, तू म्हणशील मला राग तसाच ठेवायचाय तर तेही मला मान्य आहे, रागाचीही फिल्म असते. फक्त ते काढण्याचं कारण फिल्मला ते नको होतं हे आहे, की तुला अजून ते बघवत नाही हे आहे, एवढं स्वतःला विचार.

आता करायचं काय. साउंड आणि कलर बाकी आहे म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. तू एडिटर आहे, तुला सांगायला नको, पण असंच काही करणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी सांगते की एडिट लॉक झाल्यावर त्याच टाइमलाइनवर डायलॉग, फोली (पावलं, भांडी असे नंतर वेगळे रेकॉर्ड केलेले आवाज), म्युझिक बसतं आणि मग फायनल मिक्स होतो, एकदा मिक्स झाला की मधला एक शॉट लांबवला तरी पुढचं सगळं सरकतं आणि पैसे परत लागतात. म्हणून ज्यांची गोष्ट आहे त्यांना फिल्म दाखवायची असेल तर मिक्सच्या आधी दाखवावी, नंतर दाखवून मग आता बदलता येत नाही म्हणणं ही फसवणूक होते. आणि खूप आधीचा रफ कटही दाखवू नये, ज्यांना सवय नाही त्यांना खरखर ऐकू येते आणि फिल्म राहून जाते बाजूला.

दाखवायच्या आधी बोल. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून "बघ आणि सांग" असं करू नको, पुण्याहून रात्रीच्या गाडीत बस आणि घरी जा. पहिलं वाक्य तुझं साधं असू दे, की आई, त्या फिल्ममध्ये डायरीचं आहे, मामानं वाचली ते. बस. मग ती जे बोलेल ते ऐक. बहुतेक ती म्हणेल असं काही झालंच नव्हतं, किंवा तुला एवढंच लक्षात राहिलं का माझं. या दोन्ही वाक्यांवर तुझं डोकं भडकेल, मला माहीत आहे, पण तिथं वाद घालू नको, तिला तो दिवस वेगळा आठवत असू शकतो आणि दोघींना वेगळा आठवतो म्हणून कोणी एक खोटी ठरत नाही. त्याच दिवशी फिल्म बघायची असं काही नाही. ती तयार असेल तेव्हा दाखव, आणि तिला विचार की मी बसू का सोबत, की तू एकटी बघते. समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहू नको, आणि संपल्या संपल्या कशी वाटली असं तं विचारूच नको.

एक गोष्ट मात्र दाखवायच्या आधी ठरव आणि तिला सांगूनही टाक, की काय बदलता येईल आणि काय नाही. तुझी भीती हीच आहे ना की ती सगळंच काढायला लावेल? मग हद्द आधीच आखून घे. डायरीचा प्रसंग राहणार, हे स्पष्ट सांग, तिथं तुझी बाजू सोडू नको. पण फिल्ममध्ये मामाला खऱ्या नावानं हाक मारलीय, ते डबिंगमध्ये बदलता येतं. भिंतीवर वडिलांचा खरा फोटो दिसतो असं तू लिहिलं, तो ठेवायचा की नाही हे तिनं ठरवावं असं मला वाटतं, तो तिचा नवरा होता. दारावरची नावाची पाटी दिसते तो शॉट जाऊ दे. सुरुवातीला 'सर्व पात्रं काल्पनिक' ही पाटी टाकली म्हणून काम होत नाही, तुझ्याच घरात शूट झालंय, अर्ध्या नंदनवनला तो झोपाळा ओळखू येईल. आणि एंड क्रेडिट्समध्ये आईचं नाव द्यायचं का तेही तिलाच विचार. युनिटला खाऊ घातलं म्हणून तुला मनापासून द्यावंसं वाटेल, पण नाव आलं की गोष्ट कोणाची हे सगळ्यांना कळलं, तिला ते नको असू शकतं.

आणि ती म्हणाली की कोणालाच दाखवू नको, तर? तेव्हा लगेच हो म्हणू नको आणि लगेच नाहीही म्हणू नको. थोडा वेळ माग आणि थोडा तिलाही दे. मधला रस्ता असतो. नागपुरातला शो सोडून दे, निदान सध्या, कारण तिला रोज ज्यांच्यात राहायचंय ते लोक नागपुरात आहेत, तू पुण्याला परत जाशील. फिल्म बाहेरच्या फेस्टिव्हलला पाठव, फिल्मफ्रीवेसारख्या साइटवरून पासवर्ड लावलेली लिंक देता येते, ती फिल्म बघणाऱ्या परक्या माणसाला तुझी आई कोण ते माहीत नसतं. केरळचा शॉर्ट फिल्म फेस्टिव्हल आहे, मुंबईचा मिफ म्हणजे डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशन फिल्मचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल आहे, तो दर दोन वर्षांनी होतो म्हणून त्याची तारीख बघून ठेव. यूट्यूबवर मात्र टाकू नको, एक तं बऱ्याच फेस्टिव्हलना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही, आणि दुसरं, एकदा ती फॅमिली ग्रुपवर गेली की परत आणता येत नाही. हॉलच्या शोबद्दलही हे लक्षात घे की काही फेस्टिव्हल आधी कुठं दाखवली ते विचारतात, आणि सार्वजनिक शो करायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी आपल्याला मुंबईच्या ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे तो हॉलचा कार्यक्रम तसाही इतक्या घाईत करण्यासारखा नाही. फक्त खूप वर्षं थांबूही नको, अनेक फेस्टिव्हलमध्ये फिल्म कधी पूर्ण झाली त्याची अट असते. आईलाही हे खरं सांग की थांबू शकते पण कायमची नाही थांबू शकत.

हे वाचणाऱ्या आयांनाही दोन शब्द. तुमची मुलगी उद्या फिल्म, कविता, साधी एखादी रील घेऊन आली आणि त्यात तुम्ही असलात, आणि तुम्हाला ते बघून वाईट वाटलं, तर वाईट वाटलं असं म्हणा, पण "आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं" इथं जाऊ नका. केलंच आहे तुम्ही, तिला माहीत आहे. ती हिशोब मागायला आलेली नसते, तिला एवढं हवं असतं की ज्या दिवशी तिला लागलं तो दिवस तुम्हालाही आठवतो. आणि तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटली होती ते सांगा, जमेल तसं. भुलाबाईची गाणी तिला शिकवलीत, खिरापत ओळखायला लावलीत, तेव्हा सासरच्या जाचाची सगळी गाणी तुम्ही तिच्यासोबत टाळ्या वाजवत म्हटलीत ना, बायकांनी आपलं दुखणं गाऊन सांगायची रीत तुमच्याकडूनच गेलीय तिच्याकडे.

आणि तुला शेवटचं, हॉलचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नको, भरले असतील तर तारीख पुढं ढकलता येते का बघ. साउंडवाल्या मित्राला आजच फोन कर आणि सांग की मिक्स तीन आठवडे थांबव, एडिटमध्ये कदाचित एक सीन वाढेल. वाढेल की नाही ते आईशी बोलल्यावर ठरव. ती कुलूपवाली डायरी अजून घरात असेल तर कुठं आहे ते तिला विचार, मला वाटतं तिला नक्की माहीत असेल.